संस्थेच्या छतावरचा नभवीर

छावणीत चाऱ्याच्या वजनकाट्यापाशी वावटळ उठली. बंकटनं डोळे चोळले, आणि उघडले तेव्हा समोर मुक्ता उभी होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते... पण तेवढे पुरले.

"बाई, तुमी कधी आलात?" त्यानं विचारलं.

"बाई?" ओढणीआड ती हसली असावी. "छतावर असताना तर मुक्ते म्हणायचास."

बंकटचे कान लाल झाले. बाई म्हणण्यात त्याची चूक नव्हती. ती सिरसाळ्याच्या शाळेत शिकवत होती. सुट्टी लागली म्हणून गहिनीनाथमामाच्या म्हशी सांभाळायला आली होती. तो मात्र गावातच, चकलांब्यात राहिला, आणि आता दूध संस्थेचा टेम्पो चालवत होता. पावसानं दगा दिला तशी संस्थेनं उमापूरजवळ ही छावणी उघडली. जनावरं आली, जनावरांमागं माणसं आली. बंकटच्या दोन गाई मामाच्या म्हशींशेजारीच बांधलेल्या होत्या.

लहानपणी मुक्ता मामाकडंच असायची. गावात तेव्हा एकच टीव्ही होता, दूध संस्थेचा. रविवारी सकाळी त्यावर नभवीर लागायचा. निळा झगा घातलेला, उडणारा, दुष्टांना लोळवणारा नभवीर. सगळी पोरं त्याच्यापायी वेडी. पण वारा सुटला की छतावरचा अँटिना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. बंकटनं बांबू धरला की मुंग्या जायच्या, सोडला की परत यायच्या. कशामुळं, ते कुणाला कळलं नाही. पण सगळ्यांनी मिळून बंकटला कायमचा छतावर चढवला. त्यानं नभवीरचा एकही भाग पाहिला नाही.

भाग संपला की मुक्ता तांब्याभर पाणी घेऊन शिडी चढायची आणि त्याला गोष्ट सांगायची. त्यात बंकटला एक जागा फार आवडे. लढाई संपल्यावर नभवीरला तहान लागायची, तो कुठल्याशा छतावर उतरायचा, आणि चांदणी नावाची मुलगी त्याला पाणी द्यायची. बोलायची नाही काही. नुसती बघायची...

आता छावणीत दोघं रोज भेटू लागली. टँकरपाशी, गव्हाणीपाशी. कडब्याच्या पेंढीवर बसून ती शाळेतल्या गमती सांगे, तो टेम्पोच्या. पाऊस पडला की छावणी मोडणार, मुक्ता सिरसाळ्याला जाणार, हे बंकटला ठाऊक होतं. संध्याकाळी अवघी छावणी हात जोडून आभाळाकडं बघायची, तेव्हा तो मान खाली घालून गाईच्या पाठीवरून हात फिरवत राही. अजून चार दिवस कोरडे जाऊ देत, असं मनात यायचं आणि त्याची त्यालाच लाज वाटायची. बोलायचं तर होतं. पण शाळेतल्या बाईला टेम्पोवाल्यानं काय म्हणून विचारावं?

अशात बातमी आली. नभवीरची सगळी जुनी मंडळी इतक्या वर्षांनी टीव्हीवर एकत्र येणार होती. संस्थेनं ऑफिसातला टीव्ही पत्र्याच्या शेडखाली आणून लावला. वर डिशची छत्री, धरायला कुणी नको. बंकट जन्मात पहिल्यांदा नभवीरसमोर बसला.

नभवीरला पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. दुष्ट राजा त्याच्या गळ्यात पडून रडला. जुनी दृश्यं दाखवली, तशी चांगली मिशीवाली माणसंही डोळे पुसू लागली. बंकट मात्र एकीचीच वाट बघत होता. कार्यक्रम संपला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अन् चांदणी? ती कावून न्हाई आली?"

"कोण चांदणी बे?" गहिनीनाथमामा म्हणाले. "असली कुणी नव्हतीच त्यात."

शेड हसलं. बंकटनं मुक्ताकडं पाहिलं. ती उठून पाण्याच्या रांजणाकडं निघाली होती. तो मागोमाग गेला.

"खोटं सांगत होतीस व्हय मला?"

मुक्ता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "खरं सांगायला मी तरी कुठं बघितला नभवीर... मी दाराशी बसायचे. सकाळच्या उन्हात अंगणात तुझी सावली पडायची, दोन्ही हात वर केलेली. आता उडती का मग उडती... तिच्याकडंच बघत बसायचे मी. मग वर येऊन तुला काय सांगू? जे दिसायचं ते सांगायचे."

सगळी पोरं ज्याच्यापायी वेडी होती, त्याच्याकडं पाठ करून ही बसायची.

मुक्तानं तांब्या बुडवला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्याला.

"मुक्ते," तो म्हणाला. "पाऊस पडला तर जाशील तू..."

"जाईन की. शाळा हाय." तिनं रिकामा तांब्या घेतला, बोटं बोटांना लागली, तिथंच राहिली. "सिरसाळ्यालाबी छत्री हाय घरावर. धरायला माणूस लागत न्हाई. शेजारी बसून बघायला मातर लागतो. मामाला विचारशील का मीच विचारू?"

"मी इचारतो," बंकट म्हणाला.

तिकडं शेडखालची माणसं उठली होती, हात जोडून आभाळाकडं बघत होती. बंकट त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि त्यानंही, पहिल्यांदाच, मान वर केली.