चढली म्हणा

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी आमच्या घरची कुऱ्हाड मोडली. म्हणजे दांडा मोडला. पातं उडालं, भिंतीवरून पलीकडे गेलं आणि शेजारच्या रूपरावजींच्या सोयाबीनच्या पोत्यात रुतून बसलं. पाच मिनिटांनी रूपरावजी ते दोन बोटांत धरून फाटकाशी आले.

"तानाबाई, पुढच्या टायमाले आवाज देऊन फेकजा. मी बाजूले होईन."

"आवाज देल्ला असता तं तुमी बाजूले झाले असते," बाई म्हणाली. "मंग मजा काय?"

तानाबाई माझी थोरली बहीण. मी तिला बाई म्हणतो. वय एकाहत्तर. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि बाई पंधराची. तिनं मला वाढवलं, आणि नवरा वारल्यावर माझ्याकडे हिंगणीला आली ती आजही वाढवतच आहे, असं तिचं मत. मी लग्न केलं नाही. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो. माझ्या धाकानं जिल्ह्यातला किलो नऊशे ऐंशी ग्रॅमपर्यंत आला, एवढीच माझी देशसेवा.

बाईबद्दल एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. ती बसत नसे. जेवण चुलीपाशी उभ्यानं, टीव्ही दाराच्या चौकटीला टेकून. विहारात वंदनेच्या वेळीही चपला सांभाळायच्या निमित्तानं मागं उभी. कोणी म्हणालं, "बस न वं बाई जराशी," की ठरलेलं उत्तर: "बसीन न मंग, घाई काय हाय."

भुताखेतांचं म्हणाल तर आमच्याकडे ती सोय नाही. बाबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, आणि भुतंही त्यांच्यासोबत निघून गेली, कारण ती दोघं एकाच खोलीत राहत. हे आधीच सांगून ठेवतो.

तर कुऱ्हाड. अंगणात बाभळीची फांदी पडून होती आणि बाईला आंघोळीच्या पाण्यासाठी ती फोडायची होती. मी गिझरची आठवण करून दिली. ती म्हणाली, गिझरचं पाणी अंगाले लागत नाई. मी पातं पिशवीत टाकलं आणि तानबा वाढईकडे, म्हणजे सुताराकडे, गेलो.

तानबाचं छप्पर बोर धरणाच्या रस्त्यावर आहे. वाघ पाहायला जाणाऱ्या जिप्सी समोरून धूळ उडवत जातात. तानबा पंच्याहत्तरीचा, कानात बिडी खोचलेला. त्यानं पातं हातावर तोललं.

"सव्वा किलो."

"एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम," मी म्हणालो. घरून वजन करून नेलं होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुराड कोनाची?"

"बाईची."

वर्षभर सावलीत वाळलेला धावड्याचा दांडा त्यानं कोपऱ्यातून काढला. मी म्हणालो, पाण्यात भिजवून घ्या, फुगून घट्ट होईल. तो म्हणाला, "भिजोला तं आज घट्ट, उद्या वाळला का ढिल्ला. तुमी वजनाचं पाहा, साहेब."

दांड्याचं टोक तो रंध्यानं उतरवत राहिला. मधूनमधून पात्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा शिरतो त्या भोकात, घालून बघायचा. लाकडावर जिथं लोखंडाचा काळा डाग उमटायचा तेवढंच तासायचा. मग टोकाला करवतीनं एक चीर पाडली आणि बाभळीची पाचर घासून बाजूला ठेवली.

पुढचं पाहण्यासारखं होतं. मला वाटलं, आता पात्यावर घण बसणार. तानबानं दांडा उलटा धरला. पातं खाली अधांतरी लोंबत होतं. आणि ठोका मारला तो वरच्या, मुठीच्या टोकावर. प्रत्येक ठोक्यासरशी एक किलो तीनशे चाळीस ग्रॅमचं लोखंड, कोणी हात न लावता, दांड्यावरून वर सरकत होतं. ठोका येत होता त्या बाजूला.

"ठोका इकडं, काम तिकडं," तानबा म्हणाला. "चढली का?"

पदार्थविज्ञानात याला जडत्व म्हणतात. मी तसं सांगितलं.

"ते असन. चढली का, ते मालकानं सांगा लागते."

मी वाकून पाहिलं. नेढ्यातून लाकूड नखभर बाहेर आलं होतं. मी म्हणालो, "बसली."

तानबाचा हात थांबला.

"बसली नोका म्हनू. चढली म्हना."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तसं म्हनत नाई. माहा बा म्हनत नवता."

बत्तीस वर्षं मी लोकांना अचूक शब्द वापरायला लावले. पातं आता हलत नव्हतं. हलत नाही त्याला बसणं म्हणतात. मी पुन्हा म्हणालो, "बसली, तानबाजी. छान बसली."

त्यानं हातातला घण खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "कोन बसली?"

इथं मी "कुऱ्हाड" एवढंच म्हणायला हवं होतं. पण जिभेवर विनोद आला आणि आलेला विनोद परत पाठवणं मला कधी जमलं नाही.

"कोण बसणार? आमची बाई बसली," मी म्हणालो आणि हसलो.

तानबा हसला नाही. त्यानं चिरेत पाचर ठेवली आणि ती तीन ठोक्यांत आत घातली. पैसे घेतले नाहीत. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझी सवय आहे, मी पाहतो.

घरी आलो तेव्हा बाई ओट्यावर बसली होती.

मांडी घातलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. अंगण अर्धंच झाडलं होतं. झाडूच्या रेषा एकसारख्या कमानीत येत होत्या आणि मध्येच संपत होत्या. तिथं झाडू पडला होता.

"काय झालं वं?"

"काई नाई. बसली."

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटते न. येवढी वर्सं काऊन नाई बसली, कोन जाने."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. मी चहा केला. तिनं बसून प्यायला. दुपारी जेवायला उठली नाही. भिंतीपलीकडून रूपरावजी म्हणाले, "अकरा-साडेअकराले हातातला झाडू टाकून बसली. मी म्हनलं, तानाबाई, तब्येत? तं हासली."

संध्याकाळी थंडी पडायला लागली म्हणून तिला आत घ्यायचं ठरलं. तिला उठता येईना. रूपरावजी आणि मी दोन बाजूंनी धरून उचललं. उचलली गेली, वजन त्रेचाळीस किलो, नेहमीचंच. पण मांडी सुटली नाही. हवेत ती बसलेलीच होती. पलंगावर आडवी केली तर कुशीवर बसून राहिली, हात गुडघ्यांवर, डोळे भिंतीकडे. दुखत नव्हतं. "मले सरळ ठेवा बाप्पा," एवढंच म्हणाली.

सेलूहून तिची मुलगी मेघा आली. शाळेत शिक्षिका आहे, रजा टाकून आली. वर्ध्याला नेलं, फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं ठीक. सांधे आखडलेत म्हणाले, शेक द्या, व्यायाम द्या. परत येताना बाई गाडीच्या मागच्या सीटवर मांडी घालून खिडकीबाहेर पाहत होती, प्रसन्न.

आठव्या दिवशी मला वाटलं, ती लहान दिसते.

वाटणं हे माप नव्हे. मी टेप आणला. ओट्यापासून डोक्यापर्यंत चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी चार मिलिमीटर कमी. तिसऱ्या दिवशी आणखी चार. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, वयानं मणके दबतात.

"रोज चार मिलिमीटर?"

"टेप बदला," ते म्हणाले.

मी टेप बदलला. खात्यातली जुनी पोलादी पट्टी काढली. चार मिलिमीटर.

कुऱ्हाड दाराआड उभी होती. बाभळीची फांदी तशीच पडली होती. त्या दिवशी सहज उचलली तर पात्याच्या वर, नेढ्यातून, बोटभर लाकूड बाहेर आलेलं. नवा दांडा वाळतो, आकसतो, पातं ढिलं होतं, हे समजतं. हे पातं चढलं होतं. कोणी ठोकत नव्हतं आणि ते मुठीकडे चढत होतं. मी पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली.

दोन मापं इतकी तंतोतंत जुळलेली मी नोकरीत फक्त खोट्या कागदांवर पाहिली होती.

मुठीपर्यंत बासष्ट सेंटिमीटर दांडा उरला होता. पाच महिने आणि पाच दिवस. तेव्हा बाई बारा सेंटिमीटर उरली असती.

मी तानबाकडे गेलो. बोलायला तोंड उघडायच्या आत त्यानं कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"म्हनलं होतं."

"काढा ती. पाचर काढा, दांडा काढा."

"काढतो न. काढाले काय? पन मंग 'उतरली' म्हना लागते."

"म्हणतो."

"म्हनसान. एकडाव उतरली का मंग माह्या हातात काई नाई राह्यत, साहेब. मी परत चढवत नाई."

"नका चढवू. माझी बहीण आहे ती, तानबाजी."

त्यानं कानातली बिडी काढली, परत खोचली. म्हणाला, "उद्या या. घरी बाईपाशी कोनी ठेवजा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मेघा फोन लावून ओट्यावर आईसमोर उभी राहिली. मी फोनचा आवाज मोठा केला आणि तानबाच्या ऐरणीवर ठेवला. त्यानं पातं दोन ओंडक्यांवर टेकवलं, सांडशीनं पाचर उपटली आणि लाकडावर बोथट सळई धरली.

पहिला ठोका.

"मामा," फोनमधून मेघा म्हणाली, "आईचा हात हालला. गुडघ्यावरून निघाला."

दुसरा.

"पाय सोडले! मामा, आईनं पाय सोडले!"

माझे डोळे भरून आले. तानबा माझ्याकडे पाहत नव्हता.

तिसरा. चौथा. लाकूड नेढ्यातून कुरकुरत खाली सरकत होतं.

"उठून राह्यली... हळू, आई, हळू... उठली! मामा, उठली!"

पाचव्याला पातं मोकळं झालं आणि दांडा ओंडक्यांच्या मध्ये पडला.

"उतरली का?" तानबानं विचारलं.

"उतरली."

"कोन?"

या वेळी मी चूक केली नाही. "कुऱ्हाड," मी म्हणालो. "फक्त कुऱ्हाड."

तानबानं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळलं नाही.

फोनवर मेघा रडत हसत होती. "अंगणात गेली पाहा. आई, कुठी चालली? आई, थांब न जराशी."

मी घरी पळत आलो. बाई अंगणात फेऱ्या मारत होती. पूर्ण उंचीची, ताठ. मी तिला मिठी मारली, तर ती माझ्या मिठीतून चालत पुढं गेली. "परफुल, चहा ठेव," मला म्हणाली. चहा चालत प्यायली. आम्ही तिघंही खूप हसलो. मेघा म्हणाली, आई, आता बस जराशी. ती म्हणाली, "बसीन न मंग."

ती बसली नाही.

रात्री झोपली नाही. सकाळी आम्ही उठलो तेव्हा अंगणात तिच्या पावलांची वाट पडली होती.

तिसऱ्या दिवशी तिला धरायचं ठरलं. मी, मेघा, रूपरावजी आणि त्यांचा भाऊ. चौघांनी उचलली. पाय हवेत चालत राहिले. त्याच चालीनं, ना घाई, ना आराम. रूपरावजींनी सगळ्यांत आधी सोडलं. ते त्यानंतर भिंतीपाशी आलेले नाहीत.

तानबाचं छप्पर बंद आहे. मी पातं सेलूच्या एका वाढईकडे नेलं. त्यानं चांगला तिवसाचा दांडा बसवला, मी शंभरदा "बसली" म्हणालो. बस हिंगणीला पोचेपर्यंत पातं पिशवीत सुटं झालं होतं. तीन दांडे झाले.

आम्ही तिला चालत भरवायचो, एका फेरीत दोन घास. पाचव्या दिवशी तिनं तोंड उघडणं बंद केलं. सातव्या दिवशी बोलणं. टाचा फुटल्या, त्यातून आधी रक्त आलं, मग काहीच आलं नाही. रस्त्यावरून जाणारे फाटकाशी थांबून हात जोडतात. सगळ्या गावात झालंय की तानाबाई बरी झाली, पाहा कशी चालते.

आज अकरावा दिवस. काल दुपारी मी तिच्या बरोबरीनं चालत तिच्या मनगटाची नाडी मोजली. चालत्या माणसाची मोजायला कठीण, बोट सरकतं, म्हणून पूर्ण एक मिनिट मोजली. मग दुसऱ्या हाताची. मग माझ्या बोटांचा दोष नको म्हणून स्वतःची मोजली. माझी अठ्ठ्याण्णव भरली.

मेघाला अजून सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरातून दर तासाला विचारते, "मामा, आई थकली नाई का?"

मी म्हणतो, नाही. आणि ते खरं आहे.