आप्पांचं मेमधलं वावर

रेवतीच्या लेकीचं बारसं झालं ते साल २०६२. त्याच दिवशी पाळण्याची दोरी हातात धरून तिनं वडिलांकडून शब्द घेतला.

"आप्पा, यंदा गावाबरोबर पेरा. एकोणतीस जून."

"आन् पंचमीला तुम्ही लेकी आल्यावर कणसं काय तुझा गणक भाजून देईल?"

कचरूआप्पा दर वर्षी मेअखेरीस विहिरीच्या पाण्यावर दोन एकर मका पेरत. साऱ्या शिवारात एकटेच. त्यात लष्करी अळी पडायचीच. आप्पा रोज सकाळी शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांचे पोंगे उकलून अळ्या वेचत आणि कोंबड्यांना टाकत. औषधाचा पंप त्यांनी कधी पाठीला लावला नव्हता. रेवतीनं बनवलेला पेरणीगणक दर वर्षी साऱ्या गावाला पेरणीची सुरक्षित तारीख सांगायचा आणि अकरा वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. तिचाच बाप अळ्या पोसतो, ही गावाची चेष्टा तिला झोंबायची.

"बरं बाई," आप्पा म्हणाले. "नातीसाठी."

ऑगस्टात अळीनं सगळ्या शिवारातल्या मक्याची चाळण केली.

रेवती पंचमीलाही माहेरी न जाता संशोधन केंद्रातच बसली. सहकारी इक्बाल तडवीनं नोंदी पुन्हा तपासल्या होत्या.

"हवामान तेच, बियाणं तेच. गणकही नीट चालतोय."

"मग तारीख चुकली कशी?"

"या अळीच्या पतंगाची मादी कोवळ्या मक्याच्या वासावर येते. मेमध्ये तो वास एकाच वावरातून यायचा. सगळी अंडी तिथं. त्या अळ्यांचे पतंग कधी झालेच नाहीत, म्हणून जूनचा मका वाचायचा. यंदा ते वावर रिकामं. किडीनं गवतावर दिवस काढले, पिढी वाढवली आणि सगळ्यांच्या मक्यावर उतरली."

 रेवतीनं नकाशावरून आप्पांचं वावर पुसलं आणि गणकाला विचारलं, आता सुरक्षित तारीख कोणती? पडद्यावर उत्तर आलं: एकही नाही.

अकरा वर्षं तिची तारीख आप्पांच्या कोंबड्यांनी खरी केली होती.

तिनं घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आप्पांना दे."

"ते वावरात. सकाळपासून पंप घेऊन गेलेत. म्हणाले, लेकीची तारीख खोटी पडली असं गावानं म्हणू नये."

"तोंडाला काही बांधलंय का त्यांनी?"

"त्यांना काय ठावं गं? कधी मारलंय का औषध?"

कचरू सखाराम फरकाडे त्याच दिवशी, २०६२च्या नागपंचमीला, दुपारी साडेतीनच्या सुमारास फवारणीच्या विषबाधेनं गेले.