वरच्या मजल्यावरची भेसळ

टक्... किटलीची कळ उडाली आणि दुपारची शांतता मोडली. लेकीचा नुकताच कुठे डोळा लागला होता. आई किटलीपाशीच श्वास रोखून उभी राहिली. पोर हलली नाही. हुश्श म्हणते न म्हणते तोच दारावर हलकी टकटक झाली.

दारात एक उंच माणूस. हातात मिटलेली छत्री, कानांवरून पाणी ओघळतंय.

"मॅडम, मी... वरच्या मजल्यावरचा."

आवाजावरून तिनं लगेच ओळखलं. भट्टीवाले! कामावर तो वरच्या मजल्यावर निर्वात भट्टीत लेसरचे स्फटिक वाढवायचा, ती खालच्या प्रयोगशाळेत ते तपासायची. नमुना लिफ्टनं यायचा, भांडणं फोनवर व्हायची. चेहरा मात्र आजच दिसत होता.

"असे दिसता होय तुम्ही!" तिच्या तोंडून निसटलं.

"निराशा झाली?"

"आवाज जरा जास्त देखणा आहे."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "कबुली द्यायला आलोय. शेवटचा नमुना मी बिघडवला. तुम्ही बजावलं होतंत, कणभरही भेसळ नको. पण बेरिलियम धातूची झडप बंद करायला मला उशीर झाला आणि तो नको तिथं शिरला."

"तुम्हाला? तुम्ही तर चहासुद्धा घड्याळ लावून पिता म्हणे!"

"फोनवर तुम्ही होतात... लेकीनं टीव्हीचा रिमोट साबणानं धुतला ते सांगत होतात. सांगता सांगता हसलात..." तो छत्रीच्या मुठीशी चाळा करू लागला. "आणि माझा हात तिथंच राहिला."

तिचे कान गरम झाले.

"गरम केल्यावर हाही लेसर मंदावला, तर साहेब काम बंद करणार. मला दुसऱ्या शहरात धाडतील. म्हटलं, जाण्याआधी तोंडावर सांगावं. आणि... तोंड पाहावं."

"काल तपासला मी तो," ती म्हणाली. "सुरू व्हायलाच नखरे. आधीपेक्षा जास्त करंट मागतो."

त्याचा चेहरा पडला.

"पण मग तापवत गेले... तापवत गेले... आणि पठ्ठ्या मंदावेचना! मला वाटलं, माझं यंत्रच बिघडलं."

"काय सांगता!"

"एरवी गरम झालं की स्फटिकातल्या त्या प्रकाश देणाऱ्या इवल्या क्वांटम ठिपक्यांतले धनभार इकडेतिकडे पांगतात, प्रकाश ढेपाळतो. तुमच्या भेसळीनं जास्तीचे धनभार आधीच पुरवून ठेवले. थोडे पांगले तरी बाकीचे धरून राहतात."

"म्हणजे... मी जात नाही?"

"जाताय कुठे! तीच चूक आता पुन्हा करायचीय. मोजूनमापून."

"मग तुम्हाला फोनवर हसावं लागेल."

"त्याला फोन कशाला?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

छत्रीचं पाणी पायपुसण्यावर ठिबकत होतं. लेकीचे बाबा अपघातात गेले, तेव्हापासून या दोघींच्या घरात तिनं तिसरा कप काढलाच नव्हता. इतका वेळ ती दाराची चौकट धरून उभी होती, वाट अडवून.

मागे पावलं वाजली. पांघरूण फरफटवत, डोळे चोळत लेक आली. आईच्या कमरेआडून तिनं पाहुण्याला खालून वर न्याहाळलं.

"आई, हे काका दारातच का उभे?"