उरलेल्या टेपवरची सुपरस्टार

मनीषाने साईला पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा तो लग्नाच्या स्टेजवर एकटाच बसून हवेशी गप्पा मारत होता.

म्हणजे बघा, दुपारची वेळ. वऱ्हाड जेवून गेलेलं, हॉल रिकामा, खाली अक्षता आणि तुडवलेल्या पाकळ्या. आणि नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली सोफ्यावर हा मुलगा, कुणाचा तरी ढगळ कोट घालून. समोर स्टँडवर कॅमेरा. शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून तो अगदी अदबीने विचारतोय, "मॅडम, एवढं यश मिळालं, तरी तुमचे पाय जमिनीवर कसे?" मग टुणकन उडी मारून स्वतःच त्या जागेवर बसला, गॉगल चढवला आणि बारीक आवाजात म्हणाला, "सँडल जड आहेत हो."

मनीषा फिस्सकन हसली. हातातले फुलांचे क्रेट धाडकन खाली पडले. तो असा दचकला, की गॉगल नाकावरून हनुवटीवर आला.

आता घाबरला तो, हे तर दिसलंच. पण त्याच्यापेक्षा जास्त मनीषा घाबरली. कारण बाहेर टेम्पोत तिचे वडील होते, आणि ती एका अनोळखी मुलासमोर दात काढून हसली होती.

तिच्या वडिलांना सगळे बहिरूनाना म्हणायचे, तीही नानाच म्हणायची. मखमलाबादला त्यांची गुलाबाची, झेंडूची शेती, आणि लग्नसराईत स्टेज सजवायची कामं. लग्न लागलं, पंगती उठल्या, की फुलं उतरवायची आणि क्रेट भरायचे, हे काम मनीषाचं. नाना तोवर टेम्पोतून एक खेप टाकून यायचे. परत आले, की हॉलच्या गेटवरून एक लांबलचक हॉर्न. तो वाजला, की जिथे असेल तिथून पळायचं. नाना कधी ओरडायचे नाहीत हां. ओरडायचं सगळं काम त्या हॉर्नकडे होतं.

आणि साई? तो देवळ्याचा. नाशिकला काकांकडे राहून डिप्लोमा करत होता, आणि काकांच्या लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा धरायचा. लग्न आणि रिसेप्शन यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, लग्नाचेच लाईट लावून, तो एक कार्यक्रम बनवायचा. 'कटिंग आणि कबुली'. टीव्हीवर मोठमोठ्या स्टार लोकांच्या गोड गोड मुलाखती चालतात ना, त्यांची टर उडवायची. शेवटी पाहुण्याने कटिंग चहाचा घोट घ्यायचा आणि एक कबुली द्यायची, असा नियम. मग कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन ते इंटरनेटवर टाकायचं. दोन हजार आठ साल होतं, एक व्हिडिओ चढायला अख्खी दुपार जायची. बघायचं कोण? त्याचे मित्र. आणि निम्म्या वेळा तर तो स्वतःच.

"माझी पाहुणी आलीच नाही आज," तो म्हणाला. "तुम्ही बसता का? पाच मिनिटं. चेहरा झाकू आपण."

नाही म्हणायचं होतं तिला, खरंच. पण त्याने गॉगल पुढे केला, आणि गॉगल घातल्यावर काय झालं कुणास ठाऊक... ओढणी डोक्यावरून घेऊन ती सोफ्यावर अशी काही टेकली, जशी आयुष्यभर सुपरस्टारच होती.

"मॅडम, तुमच्या सौंदर्याचं रहस्य?"

"डाएट. मी फक्त टाळ्या खाते."

"आणि पहिलं प्रेम?"

"आरसा. पण तो फार माझ्यासारखं वागायला लागला, म्हणून सोडला."

साई कॅमेऱ्यासमोरच हसत सुटला. मुलाखत घेणाऱ्याने हसायचं नसतं, असं तिने त्याला दटावलं. तेवढ्यात हॉर्न वाजला, आणि सुपरस्टार क्रेट उचलून पळाली.

मग काय. जिथे नानांची फुलं आणि साईच्या काकांचं शूटिंग, तिथे कुमारी चमचमची, म्हणजे गॉगलातल्या मनीषाची, मुलाखत. हॉर्नच्या आत संपवायची. हॉलचा रखवालदार मल्हारी कटिंग आणून द्यायचा आणि गेटकडे लक्ष ठेवायचा. मनीषाचे हात बर्फासारखे असायचे. एकदा कप देताना साईची बोटं लागली, तर तो म्हणाला, "मॅडम, एसी बंद करू का?" ती हसली, पण मान गेटकडेच.

कारण तिला माहीत होतं काय होतं ते. शेजारच्या लताबाईंची मुलगी गॅदरिंगला नाचली होती. पेपरात फोटो आला, गावभर चर्चा झाली, आणि जून उजाडायच्या आत तिचं कॉलेज सुटून लग्न झालं. तेव्हा नानांनी मनीषाला एकच वाक्य ऐकवलं होतं. "मान खाली घालून जायचं, अन् मान खाली घालून यायचं. तवर कॉलेज हाय." तिचं दुसरं वर्ष चालू होतं. तिला शिकायचं होतं, नोकरी करायची होती. आणि ती मान वर करून, गॉगल लावून, इंटरनेटवर बसली होती.

पण इंटरनेट आपल्या घरी येणारे थोडंच? घरी धड फोन लागत नव्हता. या एका गोष्टीवर ती जरा तरी झोपायची.

आणि मग आला तिच्या आत्याच्या मुलीच्या लग्नाचा दिवस. आत्या म्हणजे नवसाबाई, सटाण्याची. लग्न नाशिकलाच. फुलं नानांची, आणि शूटिंगही नेमकं साईच्या काकांचं. वरात गेली, नाना खेप टाकायला गेले, मनीषा स्टेजवर. पण साईची स्वतःची टेप ऐनवेळी अडकली. लग्नाच्या शेवटच्या कॅसेटवर थोडी टेप उरली होती. तो म्हणाला, यावरच घेऊ, संध्याकाळी कॉम्प्युटरवर काढून घेतो, कुणाला कळणारे? टाळ्या, आरसा हे जुने जोकही पुन्हा घेतले, आणि त्या दिवशीची मुलाखत सगळ्यात भारी झाली. मधेच हॉर्न वाजला, म्हणून अर्धी राहिली एवढंच.

दोन आठवड्यांनी तो तिच्या कॉलेजच्या गेटवर उभा. चेहरा असा पांढरा, की तिला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

"त्या संध्याकाळी काकांनी सगळ्या कॅसेट मिक्सिंगवाल्याकडे दिल्या, जोडून सीडी करायला," तो म्हणाला. "मला न सांगता. मी रोज जाऊन विचारतोय, तो म्हणतो, ढिगात आहे. सीझन चाललाय, तो झोपेत काम करतो गं. काल गेलो, तर म्हणाला — सीडी झाली, आणि नेलीपण."

"कुणी नेली?"

"तुझ्या आत्याने."

साई पुढे म्हणाला, "आणि त्यात शेवटी... तू पळाल्यावर... माझं पण एक..." मग म्हणाला, "जाऊ दे. तू फक्त ती सीडी लावू देऊ नको."

लावू देऊ नको! लग्नाची सीडी आलीये, आणि लावू देऊ नको. ती घरी पोचली, तर आत्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली. शेजारी आई कुसाबाई, पलीकडे लताबाई, दारात खुर्ची टाकून नाना. सगळ्यांना चहा दिलेला. मनीषाने विचारलं, डोकं दुखतंय, नंतर बघूया का? तर आत्या म्हणाली, तू निज, आम्ही आवाज बारीक ठेवतो.

एकच आशा होती. लोडशेडिंग. दुपारची लाईट रोज न चुकता जायची. मनीषा दाराला टेकून उभी राहिली आणि पंख्याकडे बघत मनात म्हणत राहिली, जा... आता जा. हळद झाली. पंखा फिरतोय. मंगलाष्टकं झाली. पंखा फिरतोय. पाठवणीला आत्याने पुन्हा रडून घेतलं. आणि मग पडद्यावर एक मोठ्ठा गुलाब गरगर फिरला, दोन बदाम येऊन एकमेकांवर आपटले, आणि त्यातून उमलली — सोफ्यावरची कुमारी चमचम, शेजारी साई. मिक्सिंगवाल्याला वाटलं असणार, सोफ्यावर मुलगा-मुलगी आहेत, म्हणजे लग्नातलंच. वरून सनई टाकली होती त्याने.

"ही कोन शे?" आत्या म्हणाली.

"नवरदेवाकडची असंल," आई म्हणाली. "लय आगाऊ दिसती."

सगळ्या बायका हसायला लागल्या. टाळ्या खाण्यावर हसल्या, आरशावर तर लताबाईंना ठसकाच लागला. नाना हसत नव्हते. ते थोडे पुढे वाकले होते.

टीव्हीतला साई विचारत होता, "मॅडम, एवढ्या मोठ्या स्टार तुम्ही. घाबरता कुणाला?"

आणि टीव्हीतल्या मुलीने, काय सुचलं होतं तिला त्या दिवशी... तिने गॉगल काढला.

"खरं सांगू? हॉर्नला. तो वाजला, की माझं हसू पोटात जाऊन बसतं. घरी मी हसतच नाही हो. घरचे मला बघतील ना इथे, तर ओळखणारच नाहीत."

आईचा कप बशीवर वाजला. आणि त्याच क्षणी टीव्हीतून आला तो, सनईच्या वरून, लांबलचक हॉर्न. तो हॉर्न त्या घरातल्या मांजरालासुद्धा ओळखू येत होता. पडद्यावरची मनीषा उठली, ओढणी सावरत पळाली. सोफा अर्धा रिकामा झाला.

साई तिथेच बसून राहिला होता. मग त्याने तिचा उरलेला कटिंग उचलला, एक घोट घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. "पाहुणी पळाली. आजची कबुली मीच देतो. मी ना, ह्या मुलीच्या..."

लाईट गेली.

पंखा हळूहळू थांबला. आत्याने तोंडावर पदर धरला, लताबाई एकदम चपला शोधायला लागल्या. मनीषा डोळे मिटून उभी. आता कॉलेज संपलं. सगळंच संपलं. पण नाना उठले, आणि गुलाबाला पाणी द्यायला निघून गेले. त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लागलं. ती कॉलेजला जायची, मान इतकी खाली, की रस्त्यातले खड्डे पाठ झाले. साईला तर तिने बघितलंही नाही.

पुढच्या लग्नाला नाना म्हणाले, चल. एवढंच.

हॉल तोच. वऱ्हाड गेलं, नाना खेप टाकायला गेले. ती खाली बघून फुलं उतरवत होती. साई कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होता. दोघांत अख्खं स्टेज, आणि शब्द एक नाही. ती हॉर्नची वाट बघत होती.

हॉर्न वाजला नाही. पावलं वाजली.

नाना स्टेजच्या पायऱ्या चढून आले. सोफ्यावर बसले. शेजारच्या जागेवर हात ठेवून साईला म्हणाले, "बस."

साई अर्धा टेकला, अर्धा हवेत. मल्हारी दारातून पळून गेला.

"तवा लाईट गेली," नाना म्हणाले. "तू काय म्हणत होता, ते पुरं कर."

मनीषाच्या हातातली झेंडूची माळ तुटून घरंगळत गेली. साईने एकदा तिच्याकडे बघितलं. ओठ कोरडे, कोट तोच ढगळ. तिला वाटलं, हा आता काहीतरी जोक मारणार, आणि आपण दोघं मेलो.

"मी म्हणत होतो," तो हळू आवाजात म्हणाला, "मी ह्या मुलीच्या हसण्याची वाट बघतो, नाना. काका नवीन लग्नाचं काम सांगतात ना, तर दुसरा पोरगा विचारतो जेवण कुठलंय. मी विचारतो... फुलं कुणाची आहेत."

नानांनी खालची एक पाकळी उचलून सोफ्याच्या हातावर ठेवली.

"डिप्लोमा कधी संपतोय?"

"पुढच्या वर्षी."

"हिचं कॉलेज पुढच्या वर्षी संपतंय. तवर काय नाय. नोकरी लागली, की आईबापाला घेऊन ये. अन् ह्या सोफ्यावर उगाच बसायचं नाय आता. तुमची ती मुलाखत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर करा."

मग ते उठले आणि मनीषासमोर येऊन थांबले. तिची मान खालीच.

"हसू नको, असं मी कधी म्हणलो व्हतो?"

"नाही, नाना."

"मग?"

"तुम्ही... कधी विचारलंपण नाही."

नानांनी तिच्या हातातला क्रेट घेतला. पायऱ्या उतरता उतरता, पाठमोरेच म्हणाले, "सावकाश ये. मी हॉर्न वाजवत नाय."

साईने दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या, मधे भरपूर अंतर ठेवून. दारामागून मल्हारी आला, एक कटिंग तिच्या हातात देऊन परत गायब झाला. कान हॉर्नकडेच होते तिचे, अजूनही. सवयच लागलेली ना भीतीची, एका दिवसात कशी जाणार?

"मॅडम," साई म्हणाला, "तुमची कबुली राहिलीये."

"कॅमेरा बंद आहे ना?"

"बंद आहे."

तिने घोट घेतला. गेटकडे बघितलं. टेम्पो उभा होता, गप्प.

"घरात नवीन लग्नाचं काम आलं, की मी विचारते..." ती थांबली, कान लाल झाले, पण मान वर होती, "...शूटिंग कुणाचं आहे."

साईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खुर्चीसकट मागे कलंडला. आणि मनीषा हसली — फिस्सकन नाही, पोटातून, खळखळून, गेटपर्यंत ऐकू जाईल असं. टेम्पोत बसलेल्या नानांनी काच थोडी खाली केली.