फळ्यावरचं खरं वाक्य

डॉक्टर मंदार पहिल्यांदा आमच्या दुकानात आले, तेव्हा त्यांना आयोडीन हवं होतं. घेऊन गेले टोंगळा.

आधी दुकानाचं सांगते. आर्णीच्या बसस्टँडजवळ आमचं जनावरांचं मेडिकल आहे. आमचं म्हणजे माझं, शाल्मलीचं. बी. फार्म. झाले, पण नोकरीत कोणाचं ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही, म्हणून दुकान काढलं. बाबा, म्हणजे यज्ञेश्वरराव, तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि माझ्या दुकानात खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. बाबांना शुद्ध मराठीचं भारी वेड. त्यामुळे त्यांच्याशी मी शुद्ध बोलते आणि गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. यातली खरी जीभ कोणती, असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. दोन्ही माझ्याच आहेत.

तर… दिवाळी नुकतीच सरली होती. कापसाच्या गाड्या रस्त्यावरून चालल्या होत्या आणि कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते. त्यातलाच एक तंतू या नव्या माणसाच्या भुवईवर बसला होता. काढावा की काढू नये, असं मला उगाच वाटत होतं. तेवढ्यात तांड्यावरचे धरमसिंग आत आले आणि त्याला बघून म्हणाले, "तुमीच ना नवे ढोरांचे डाक्टर? मा गोऱ्ह्याचा टोंगळा सुजला. उलसक लंगडून राह्यला."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग हळूच माझ्याकडे पाहिलं. डोळे इतके प्रामाणिक, की मला हसूच आलं.

"टोंगळा म्हणजे गुडघा," मी म्हणाले. "उलसक म्हणजे थोडंसं. कुठचे तुम्ही?"

"गुहागरचा." ते वहीबिही शोधायला लागले.

"लिहून नका घेऊ. लिहिलं की विसरता. वापरा."

"म्हणजे… वाक्यात उपयोग करा?"

"तसंही नाही," मी म्हटलं. शाळेतल्या त्या प्रश्नाची मला सगळी मेख माहीत होती. कुठलाही शब्द येवो, मी एकच वाक्य ठोकायची – फळ्यावर अमुक शब्द लिहिला होता. मार्क मिळायचे, शब्द काही मिळायचा नाही. "आमच्याकडे नियम वेगळा आहे. दिवसाला एक शब्द. खऱ्या माणसाशी बोलायचा. आणि वाक्य खरं पाहिजे. खोटं निघालं, तर शब्द परत."

"आणि खरं निघालं तर?"

"तर उद्या नवा."

हा नियम मी तिथल्या तिथे काढला होता, हे त्यांना कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर. "भाजीवालीला म्हणालो, उलसक कोथिंबीर द्या. तिनं विचारलं, कोथिंबीर कायले म्हनता?"

"सांभार म्हणायचं."

"मग आज सांभार द्या."

"तो भाजीवालीकडे मिळतो. मी शब्द देते फक्त."

असं सुरू झालं. रोज दुकान बंद करायच्या वेळेला मोटारसायकल थांबायची, बाबांच्या पेपरचं पान उलटायचं आणि डॉक्टर काउंटरला टेकून दिवसाचं वाक्य सांगायचे. वावर हा शब्द दिला त्या दिवशी ऐटीत म्हणाले, "आज मी वावरात गेलतो." मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. लख्ख काळे.

"खोटं. शब्द परत."

दुसऱ्या दिवशी आले ते थेट गव्हाला पाणी सोडलेल्या शेतातून. फरशीवर चिखलाची नक्षी उमटवत म्हणाले, "आज मी वावरात गेलतो आन् टोंगळ्यापर्यंत भरलो." मी पोतेरं त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी फरशी पुसली, तीही नीट. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस उद्या आला नाही तर दिवस वाया जाईल.

एकदा मी बैताड दिला. बैताड म्हणजे वेडपट. फार विचार न करता ते म्हणाले, "मी बैताड आहे."

"काहून?"

"सरकारी दवाखान्यात आयोडीनच्या बाटल्यांची रांग लागली आहे… तरी मी रोज इथून नवी घेतो."

मी मागे वळून कपाटातल्या बाटल्या लावत बसले. त्या आधीच लावलेल्या होत्या. वाक्य खरं होतं.

आता मुद्द्याचं. त्यांनी आर्णीत रुजू होताच कोकणात बदलीचा अर्ज टाकला होता, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनीच सांगितलं. म्हणून मी स्वतःला बजावत राहिले, की शाल्मली, हा पाहुणा आहे, शब्द दे आणि गप्प बस. दिले. पण जीव गप्प बसत नाही ना.

मे महिन्यात, भर दुपारी, डॉक्टर दुकानात आले. बाहेर रस्ता तापून पांढरा झाला होता. कूलरच्या वाळ्याचा ओला वास आत भरला होता. बाबा जेवायला घरी गेले होते.

"ऑर्डर आली," ते म्हणाले. "गुहागर. होकार असेल तर उद्या यवतमाळच्या ऑफिसात जाऊन द्यायचा आहे."

"अभिनंदन," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं की मी फार शुद्ध बोलते.

"शब्द नाही देणार आज?"

"आता तिकडे कोणाशी बोलणार तुम्ही वऱ्हाडी? नारळांशी?"

"मग आज मी देतो." ते काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिले. "तांड्यावरच्या धनीबाईनं म्हैस विकली ना… आज रिकाम्या गोठ्यात बसली होती. म्हणाली, डाक्टर, मले करमूनच नाही राह्यलं. आमच्याकडेही आहे हा शब्द, पण असा कधी ऐकला नव्हता. करमत नाही. करा वाक्य. सहा महिने मीच करतोय, तुम्ही एकही केलं नाही."

खरंच की. मी मास्तरीण होऊन बसले होते, मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मग शाळेतली जुनी खोड आली धावून.

"फळ्यावर 'करमत नाही' असं लिहिलं होतं."

धुळीतलं त्यांचं बोट थांबलं. "कुठल्या फळ्यावर?"

मी बिलबुक उघडून पानं चाळायला लागले.

"खोटं वाक्य," ते हळू आवाजात म्हणाले. "शब्द परत."

मोटारसायकलचा आवाज लांब गेला. मला इतका राग आला… त्यांचा नाही, माझाच. मला खोटं म्हणतात? दुकानाबाहेर आमचा फळा टांगलेला असतो. त्यावर 'गोचिडांचे औषध आले आहे' असं होतं. मी खडू घेतला, भर उन्हात उभी राहिले आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं – करमत नाही.

घ्या. झालं वाक्य खरं. पण बघायला ते होते कुठे?

सकाळी दुकान उघडलं तेव्हा फडकं हातात होतं, पण पुसवेना. गिऱ्हाइकं वाचायची आणि विचारायची. एकानं विचारलं, दुकान विकून राह्यल्या का? दुसऱ्यानं विचारलं, हे गोचिडाचं नवं औषध आहे का? बाबांनी येताना फळा वाचला, चष्मा पुसला आणि पेपर उघडून बसले.

मग धनीबाई आली. तिला वाचता येत नाही. "काय लिवलं व पोरी? सारे हासून राह्यले."

आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर मोटारसायकल थांबली. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. यवतमाळला निघाले होते. फळ्यापाशी येऊन उभे राहिले ते हललेच नाहीत.

"करमत नाही, असं लिवलं," मी म्हणाले.

"कोनाले?" धनीबाईनं विचारलं.

बाबांचा पेपर खाली आला. माझे कान तापले. एक पाऊल मागे घेतलं असतं तर पुन्हा सगळं झाकलं गेलं असतं, पण मला ते नको होतं.

"मले," मी म्हणाले. बाबांसमोर, वऱ्हाडीत. "डाक्टरबिगर. अजून गेले नाहीत… तरी आत्तापासूनच करमून नाही राह्यलं."

धनीबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर तसेच उन्हात उभे, कपाळावरून घाम ओघळतोय, पण पुसायचं भान नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि बाबांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

बाबांनी पेपरची घडी घातली. जन्मात पहिल्यांदा माझ्या कानांनी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी ऐकली.

"काहून उनात उभे राह्यले, डाक्टर? या आत. पोरीचं वाक्य खरं हाये."

डॉक्टर आत आले नाहीत. आधी त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला आणि माझ्या दोन शब्दांखाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं – मलेही. मग फोन काढून यवतमाळचं ऑफिस लावलं.

"नमस्कार साहेब, मंदार बोलतोय, आर्णीहून. नाही, निघालो नाही. होकार नाही देत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी त्या पहिल्या दिवसासारखं, फक्त आता विचारायचं काही राहिलं नव्हतं. "मी इथंच राहून राह्यलो."

वाक्य खरं होतं. मी शब्द परत मागितला नाही.