खडूचा लेथ

साहेब, त्या शिक्षकाला तुम्ही मारलंत. अनुदान देणारे तुम्ही, यंत्र न बघता सही ठोकणारे तुम्ही. आणि अहवालात लिहिलंत, ‘मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा.’

तो कागद घेऊन शिक्षकाची मुलगी घोरपडीकडे आली. घोरपड म्हणजे खासगी तपास करणारी बाई. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून हे नाव.

“भरपाई नको मला,” मुलगी म्हणाली. “हा शब्द खोडून हवाय. तीस वर्षं बाबांनी तंत्रशाळेत लेथ शिकवला.”

लेथ म्हणजे लोखंड फिरवत कातणारं यंत्र. अहवाल म्हणत होता, सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, शिक्षकांचा हात चालू लेथमध्ये ओढला गेला आणि छाती यंत्रावर आपटली.

दवाखान्याने दिलेली पिशवी तिने टेबलावर रिकामी केली. चष्मा, किल्ल्या, जाड चामडी हातमोजे.

“हे हातात होते?”

“हो. तिथेच काढले.”

मोज्यांचा एक टाकाही उसवला नव्हता. तळव्यांवर गंजाचे पट्टे होते.

“बघा वहिनी, बिचाऱ्याने काळजी तरी घेतली होती,” घोरपडीचा दीर म्हणाला. तो तिची गाडी चालवायचा आणि तिच्याआधी बोलायचा.

“भावजी, गाडी काढा.”

कार्यशाळेतला लेथ कोरा करकरीत होता. मागच्या भिंतीवर खडूने काढलेला दुसरा लेथ होता, खऱ्या मापाचा. रेघा गिरवून गिरवून जाड झालेल्या.

दीर खाली वाकला. “पायांना चार भोकं आहेत वहिनी, पण बोल्ट एकही नाही.”

“आजचा पगार वसूल केलात, भावजी.”

प्राचार्य खुर्चीतून उठले नाहीत. “आठ महिने यंत्र इथेच आहे. मुलं रोज चालवतात. हातमोज्यांची सक्ती मीच केली. सुरक्षेत तडजोड नाही.”

“तुम्ही कधी लेथ चालवलाय?”

“मी व्यवस्थापन बघतो, बाई.”

भांडारपालाच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

“लेथने नेली?”

“पोरवयात. मोजा अडकला होता.”

“कार्यशाळेच्या किल्ल्या?”

“एक माझ्याकडे, एक प्राचार्यांकडे.”

घोरपडीने सगळ्यांना लेथपाशी बोलावलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

“उघडा हात मागे घेता येतो. मोजा अडकला की अख्खा हात आत. म्हणून लेथवर मोजे घालत नाहीत. सर हेच शिकवायचे. आणि हात ओढला गेला असता, तर मोजे धड राहिले असते?”

“मग घातले कशाला?” दिराने विचारलं.

“जड यंत्र गंजक्या पाइपांवरून ढकलायला, भावजी. पायांना बोल्ट नाहीत, कारण यंत्र इथे बसवलेलंच नाही. आठ महिने खरा लेथ असता, तर खडूचा कोण गिरवत बसलं असतं? लेथ त्याच रविवारी आला. उतरवताना सरांच्या छातीवर कलला. मग कुणीतरी अपघात रचला. लेथ जाणणाऱ्याने आधी मोजे काढले असते. न जाणणाऱ्याला ते शोभून दिसले.”

प्राचार्य हसले. “पुरावा?”

“मी आहे,” भांडारपाल म्हणाला. “एकच लेथ पाच शाळांत फिरतो, तपासणी असेल तिथे. सरांना सांगितलं होतं, आता कायमचा आलाय. उद्या भिंत पुसतो म्हणाले. लेथ कलला. मी आणि प्राचार्यांनी जॅक लावून काढलं त्यांना. बोलत होते हो! हे म्हणाले, अँब्युलन्स मी बोलावतो, तू ट्रक घालव. परत आलो तर लेथ सुरू होता आणि सर त्यावर पालथे.”

“आणि मोजे?”

“दिसले. मुद्दाम काढले नाहीत. तेवढीच हिंमत झाली.”

मुलीने भिंतीवरचा हात काढला. तळव्याला खडू लागला होता. तिने तो पुसला नाही.

“मला एकट्याला काय विचारता?” प्राचार्य ओरडले. “वर विचारा!”

तर साहेब, वर विचारतोय. प्राचार्य कोठडीत आहेत. तुमचा तो शब्द अजून तसाच आहे. सर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुमचा माणूस आला, धुतलेल्या फरशीवर उभा राहिला आणि ‘यंत्र बसवलेले आढळले’ असं लिहून गेला. तो खाली वाकला होता का? चार रिकामी भोकं त्याला दिसली की नाही?

उत्तर द्या. सरांच्या मुलीला द्या. लेखी.