फक्त ऐकण्याचा शॉट

दुपारी अडीचच्या सुमारास धाकटी पिशवीत हार्ड डिस्क घालून एडिटिंगच्या खोलीवर पोचली. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि तिने स्वतःचा सिनेमा काढायला घेतल्यापासून युनिटमधलेही तेच म्हणू लागले होते. सिनेमात पाच छोट्या गोष्टी. प्रत्येकीत दोन माणसं नुसत्या गप्पा मारतात, बाकी काही म्हणजे काही घडत नाही. चार गोष्टी जोडून झाल्या होत्या. पाचवीत स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलेलं म्हातारं जोडपं होतं, आणि मनासारखे नट मिळेनात म्हणून तिने आपल्याच आईबाबांना बसवलं होतं.

गप्पांच्या सीनची एक रीत असते. आधी एकाचं बोलणं टिपायचं, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्याचं. शिवाय प्रत्येकाचा गप्प बसून नुसतं ऐकतानाचा एक शॉट घेऊन ठेवायचा. पुढे कुठे ठिगळ लावायची वेळ आली की तो कामी येतो. त्या रविवारी आईचं बोलणं झालं, बाबांचं ऐकणं झालं आणि उजेड गेला. बाबा म्हणाले, "धाकटे, मला जरा बोलायचंय तुझ्याशी." ती दिवसभराची वैतागलेली. सगळ्यांदेखत खेकसली, "बाबा, आज तुम्ही फक्त ऐकायचं! बोलणं पुढच्या रविवारी." बाबा कसनुसं हसले. गुरुवारी ते गेले.

तेव्हापासून तीन महिने तिला एकच गोष्ट आतून कुरतडत होती. बाबा आपल्यावर रागावून गेले का?

एडिटरला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तो शॉट लावला. दोन मिनिटं अकरा सेकंद. बाबा कॅमेऱ्याच्या डावीकडे, जिथे आई बसली होती तिकडे, बघत होते.

"अगं, हा माणूस आहे की भिंत?" मास्तर करवादले. "पापणी सोडली तर काही हलत नाही. मान नाही, हूं नाही, की चूं नाही. कुठे चिकटवू मी हा?" मग तिचा चेहरा बघून ते ओशाळले. "बस तू. मी चहा सांगून येतो."

दार लागलं. खिडक्यांवर जाड काळे पडदे होते, त्यामुळे भर दुपारीही उजेड काय तो स्क्रीनचाच. मशीनचा पंखा घुमत होता. धाकटीने शॉट पहिल्यापासून लावला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "रागावलात का हो माझ्यावर?"

बाबांची मान हलली. नाही.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती वाटली नाही. भ्यायचं तर भूत परकं असावं लागतं; हे तर तिचे बाबा होते. तिला रडूच कोसळलं.

"खरंच नाही?"

नाही.

तीन महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला. बाहीने डोळे पुसत ती हसलीसुद्धा. "मग काय सांगायचं होतं मला?"

नाही.

हे उत्तर प्रश्नाला जुळत नव्हतं. तिने पुढे काहीच विचारलं नाही, तरी मान पुन्हा हलली. नाही.

तेव्हा कुठे तिने बाबांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ते आता डावीकडे बघत नव्हते. तिच्याकडेही बघत नव्हते. नजर तिच्या उजव्या खांद्यावरून मागे गेली होती. मागे भिंतीला लागून मास्तरांचा डुलकी काढायचा जुना कोच होता, बाकी काही नव्हतं.

म्हणजे मघाचा तो पहिला नकारही तिच्यासाठी नव्हता. तिच्या मागून कुणीतरी बाबांना काहीतरी विचारत होतं, आणि बाबा ते ऐकून नाही म्हणत होते.

ओल्या लोकरीसारखा कोंदट वास आला. पंख्याच्या घुमण्याखाली आणखी एक आवाज होता... दबका, न कंटाळता तेच तेच विचारणारा. "नेऊ हिला?"

"बाबा... कोण आहे...?"

नाही. नाही. मान आता जोरजोरात हलत होती. ओठ मात्र घट्ट मिटलेले.

"बोला ना... बाबा, आता बोला..."

ओठ उघडले नाहीत. स्क्रीनवर खाली वेळेचे आकडे पळत होते. एक मिनिट बावन्न. तिच्या लक्षात आलं, शॉट चालू आहे तोवरच बाबांना नाही म्हणता येणार होतं. मागे घ्यायला हवा होता, पुन्हा पहिल्यापासून लावायला हवा होता. पण हात उचलवेना.

दोन मिनिटं पाच.

बाबांनी पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिला सुई टोचून घ्यायला नेताना बघायचे तसं. मग त्यांनी नजर पुन्हा तिच्या खांद्यावरून मागे नेली आणि मान एकदाच, सावकाश, खाली केली. हो.

स्क्रीन काळा झाला. मागे कोचाची स्प्रिंग करकरली, बसलेलं माणूस उठताना करकरते तशी.